कल्पनेवर नाका नको



पेटंट म्हटले की कापूसवाल्याला बियाण्याचे पाकीट आठवते. ते साहजिक आहे. पण आता कापसाचा चुकारा बँकेच्या खात्यात येतो, पीएम किसानचा हप्ता खात्यात येतो आणि खताच्या दुकानाचे पैसेही पुष्कळजण मोबाइलवरून देतात. पैसा ज्या वाटेने येतो-जातो, त्या वाटेवरच कोणी पेटंटचा नाका बसवला तर? प्रश्न कल्पनेतला नाही. अमेरिकेतल्या बँका याच प्रश्नावर वर्षानुवर्षे कोर्टात भांडल्या. त्या भांडणात आपल्या कामाचा धडा आहे.

यूएसएए ही टेक्सासमधली संस्था सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना विमा व बँकेची सेवा देते. सैनिक कुठेही नेमणुकीला असणार, शाखा जवळ नसणार. म्हणून या संस्थेने 2009 मध्ये एक सोय काढली. हातात आलेल्या चेकचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढायचा, तो बँकेला पाठवायचा आणि रक्कम खात्यात जमा व्हायची. सोय चांगली होती. इतर बँकांनीही तशाच सोयी दिल्या. यूएसएएने या कामावर पेटंटे घेतलेली होती. 2018 मध्ये तिने वेल्स फार्गो या बड्या बँकेवर दावा लावला. नोव्हेंबर 2019 मध्ये ज्यूरीने 20 कोटी डॉलर भरपाई ठरवली. जानेवारी 2020 मध्ये दुसऱ्या दाव्यात आणखी 10 कोटी 27 लाख डॉलर. पुढे दोघांत तडजोड झाली. मग पाळी आली पीएनसी बँकेची. तिच्यावर मे 2022 मध्ये सुमारे 21 कोटी 80 लाख डॉलर बसले.

पीएनसी अपिलात गेली. 12 जून 2025 रोजी अपील न्यायालयाने तो निवाडा उलटवला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : चेक जमा करणे हे जुनेच काम आहे. ते हातातल्या मोबाइलने करणे ही नुसती कल्पना झाली. फोटो घेणे, त्यातले आकडे वाचणे, चूक तपासणे ही यंत्रांची नेहमीचीच कामे आहेत. त्यात यंत्र सुधारणारे नवे काही नाही, म्हणून त्यावर पेटंट टिकत नाही. या विचाराचा पाया तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात घातला होता. जुना व्यवहार संगणकावर केला एवढ्याने तो शोध होत नाही, असा तो निकाल.

पण 2014 चा निकाल पुस्तकात असूनही 2019 आणि 2022 मध्ये कोट्यवधी डॉलरचे निवाडे झाले. बड्या बँकेला वकील परवडतो, ती अपिलात जाते. आपली पतसंस्था, जिल्हा बँक किंवा गावच्या पोराने काढलेले छोटे अ‍ॅप कुठवर लढणार? नोटीस आली की ते मुकाट्याने फी भरतील आणि ती फी खातेदाराकडून वसूल करतील. नाका कायदेशीर होता की नव्हता याचा निर्णय उशिरा लागतो. टोल पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो.

आता आपल्याकडचे पाहू. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात कलम 3 (के) आहे. गणिताची किंवा धंद्याची पद्धत आणि निव्वळ संगणकाचा प्रोग्रॅम यांवर पेटंट मिळत नाही, असे ते म्हणते. 2004 च्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढून हे कुंपण सैल करायचा घाट घातला. 2005 मध्ये संसदेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. 2015 मध्ये पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून तीच वाट पुन्हा उघडू लागली. विरोध झाल्यावर त्या सूचना त्याच वर्षी स्थगित झाल्या. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की संगणकावर आधारलेला म्हणून प्रत्येक शोध नाकारता येणार नाही, खरा तांत्रिक परिणाम आहे का ते तपासावे लागेल. हे योग्यच आहे. पण ‘तांत्रिक परिणाम’ या शब्दाच्या फटीतून धंद्याची साधी पद्धत आत शिरणार नाही, यावर कोणीतरी पहारा ठेवला पाहिजे.

तो पहारा शेतकऱ्याने का ठेवायचा? कारण त्याच कलम 3 मध्ये, (के)च्या शेजारीच, (एच) आणि (जे) आहेत. (एच) म्हणते, शेतीच्या पद्धतीवर पेटंट नाही. (जे) म्हणते, झाडे आणि बियाणे यांवर पेटंट नाही. कुंपण एकच आहे. एका बाजूने तोडले की ढोरे सगळ्या वावरात शिरतात. मोबाइलवर पैसे देणे हा ‘शोध’ ठरला, तर उद्या मोबाइलवर पावसाचा आकडा पाहून डवरणीचा दिवस ठरवणे हाही ‘शोध’ ठरेल.

बीटीचा अनुभव ताजा आहे. जनुकाच्या पेटंटवर मोन्सॅन्टो आणि नुझिवीडू यांचे भांडण झाले. एप्रिल 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट रद्द ठरवले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून पूर्ण सुनावणी घ्यायला सांगितले. भांडण दोन कंपन्यांचे, पण तंत्रज्ञानाची फी बियाण्याच्या पाकिटात होती आणि पाकीट आपण घेत होतो. सरकारने 2016 मध्ये ती फी 49 रुपयांवर आणली, 2020 मध्ये शून्यावर.

आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. ज्याने डोके चालवले, पैसा आणि वर्षे घातली, त्याला त्याच्या घामाचे दाम मिळालेच पाहिजे. आपण कापसाला भाव मागतो तो याच न्यायाने. पण दाम नव्या वाणाला, नव्या यंत्राला. सगळ्यांच्या रोजच्या कामाला मोबाइल जोडला म्हणून मक्ता मिळत असेल, तर ते दाम नव्हे, ती लेव्ही आहे. लायसन्स-परमिटचे राज्य सरकारचे असो की कंपनीचे, नागवला जातो तो उत्पादकच.

मग करायचे काय? कायद्याच्या कलम 25 (1) प्रमाणे पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. हे हत्यार मोलाचे आहे. 2024 च्या नियमांनी त्यावर फी लावली आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही याची आधी छाननी ठेवली. हरकत घ्यायला पुरावाही लागतो. हळदीच्या औषधी वापरावरचे अमेरिकन पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, कारण डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने छापील दाखले समोर ठेवले. आजीला माहीत होते, एवढे सांगून काम झाले नसते.

म्हणून जिल्हा मेळाव्यात तीन ठराव घ्यावेत. एक, व्यापारी करार असो की मार्गदर्शक सूचना, कलम 3 च्या (एच), (जे) आणि (के) यांना धक्का लागू नये. दोन, हरकतीवरची फी शेतकरी, त्यांच्या संघटना आणि सहकारी संस्था यांना माफ असावी. तीन, प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातल्या पेरणीच्या, ओल टिकवण्याच्या, बी राखण्याच्या आणि देण्याघेण्याच्या पद्धती लिहून काढाव्यात आणि तारखेसह छापाव्यात. छापण्यासाठी या पत्रिकेची पाने आहेत. तालुका प्रमुखांनी पहिली नोंद पुढच्या मेळाव्याला सोबत आणावी.