शेवटच्या शब्दाआधी थांबा

खानदेशातल्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून टिपून घेतली, पुस्तक आलं १९५२ साली. म्हणजे गाणं कानानेच पुढे जातं. मग ज्या लेकराला ऐकूच कमी येतं, त्याला बडबडगीत कशाला? उलट त्यालाच ते जास्त हवं. कानाला श्रवणयंत्र, टीव्ही-मिक्सर बंद, लेकरू समोर, आईच्या तोंडावर उजेड. तीच ओळ, तीच चाल, दहा वेळा. शेवटच्या शब्दाआधी थांबून वाट पाहायची. (हे थांबणंच आपल्याला जमत नाही!) ओठ नुसते हलले तरी टाळी. घरची बोली अहिराणी असेल, तर गाणंही अहिराणीत असलं तर उत्तमच. कानाची तपासणी मात्र पहिल्याच महिन्यात, दोषाचं पक्कं निदान तिसऱ्यापर्यंत, श्रवणयंत्र सहाव्याच्या आत. ‘बोलेल उशिरा’ म्हणत बसू नका.