कार्डावर नाव कुणाचं?

ओळखपत्र ही किरकोळ गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या गावातल्या घंटागाडीवरच्या एखाद्या बाईला विचारावं, "ताई, तुमचं कार्ड कुठंय?"

आमच्या गावात मी विचारलं. बहुतेकींकडे नव्हतंच. ज्यांच्याकडे होतं त्यावर ठेकेदाराच्या फर्मचं नाव, फोटो, खाली 'सफाई कामगार'. कामाला लागल्याची तारीख नाही, नगरपरिषदेचा उल्लेख नाही, सहीच्या जागी वाचता न येणारा शिक्का. कार्यालयात विचारल्यावर उत्तर मिळालं, "अहो, सॉफ्टवेअरचं काम असतं ते, वेळ लागतो."

हे सॉफ्टवेअरचं काम मी रोज बघतो. आमच्या साप्ताहिकाची पानं ज्या डीटीपीवाल्याकडे लागतात, तिथंच गावातली निम्मी कार्डं होतात. एटीएम कार्डाएवढं, साधारण 86 बाय 54 मिलिमीटरचं डिझाइन एकदाच करायचं. नाव, हुद्दा, क्रमांक, फोटो यांच्या जागा ठरवायच्या. मग एक्सेलची यादी जोडली की प्रत्येक ओळीचं एक कार्ड आपोआप तयार होतं. कोरल ड्रॉमध्येसुद्धा होतं हे, वेगळं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. यादी बरोबर असेल आणि फोटो आलेले असतील तर शंभर माणसांचं डिझाइन एका दुपारचं काम आहे. (याच दुकानात 'प्रेस' लिहिलेलं कार्ड लाल पट्ट्यासकट दहा मिनिटांत मिळतं. आमच्या तालुक्यात पत्रकार किती आणि कार्डं किती यावर लिहिलं तर माझेच भाऊबंद चिडतील. असो.)

म्हणजे वेळ छपाईला लागत नाही, कार्डावर काय लिहायचं हे ठरवायला लागतो. आणि ते मुद्दाम लांबवलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण कार्ड हा पुरावा आहे. कामावरून काढलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, की वर्षात 240 दिवस काम केल्याचं आधी कामगारालाच दाखवावं लागतं. हजेरीपत्रक ठेकेदाराकडे. पगार रोख मिळत असेल तर त्याचाही कागद नाही. मग त्या बाईच्या हातात उरतं काय? तारीख आणि क्रमांक असलेलं कार्ड असेल तर निदान बोलायला सुरुवात तरी होते. हे ठेकेदाराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

कायद्यात हे नाही असं नाही. कंत्राटी कामगारांच्या 1971 च्या केंद्रीय नियमांत कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत एम्प्लॉयमेंट कार्ड द्या, असं लिहिलेलं होतं. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 2005 चा कायदा आहे, त्यात फोटो ओळखपत्र सक्तीचं आहे आणि ड्युटीवर ते दिसेल असं लावायचं आहे. 2020 च्या नव्या श्रम संहितेत नेमणूकपत्राची तरतूद आली. कागदावर सगळं आहे, फक्त त्या ताईंच्या गळ्यात नाही.

आता स्पेलिंगचं घ्या. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कचरा वाहतूक श्रमिक संघाची ती लढाई. एवढं जिंकल्यावरही कित्येकांचं काम अडलं, कारण यादीतलं नाव आणि कागदपत्रातलं नाव जुळेना. एका अक्षरावर माणूस बाहेर! आमच्या डीटीपीवाल्याकडे हे रोज घडतं. वाघमारे इंग्रजीत 'डब्ल्यू'ने की 'व्ही'ने? लग्नाआधीचं नाव की नंतरचं? मराठी यादी जुन्या फॉन्टमध्ये आली आणि युनिकोडमध्ये घेतली की जोडाक्षरं फुटतात. ऑपरेटर बिचारा अंदाजाने दुरुस्त करतो. तपासणार कोण? कामगाराला प्रूफ दाखवायची पद्धतच नाही. लग्नपत्रिकेचं प्रूफ तीन वेळा बघतो आपण!

अजून एक. यादीबरोबर कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स आणि मोबाइल नंबर व्हॉट्सॲपवर दुकानात येतात आणि त्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहतात. कार्डावर आधार क्रमांक छापायची काहीएक गरज नाही. रक्तगट माहीत नसेल तर तो रकाना काढून टाका, अंदाजे भरू नका.

आमच्याकडे घनकचऱ्याच्या ठेक्याची नवी निविदा निघायची आहे. नगरसेवकांना आणि मुख्याधिकाऱ्यांना जाहीर विनंती, अटींमध्ये एवढं घाला: पहिल्या दिवशीच कार्ड, त्यावर ठेकेदाराबरोबर नगरपरिषदेचं नाव, कार्यादेश क्रमांक, कामाला लागल्याची तारीख आणि मुदत, छापण्याआधी प्रूफवर कामगाराची सही, छपाईचा खर्च पगारातून कापायचा नाही, आणि कार्डं वाटल्याची पोच जोडल्याशिवाय पहिलं बिल निघणार नाही. शेवटची अट घातलीत तर कार्डं किती लवकर होतात ते बघा.

आणि ताई, दादा, ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी आजच दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर ठेवा. ठेका बदलताना 'जुनं कार्ड जमा करा' म्हणतील. जमा करा, पण पोच घेऊन.