विश्लेषण : महागडी ऑफ-रोड गाडी सतत चकचकीत ठेवणे परवडते का? पहूरच्या चिखलातून मिळणारे उत्तर

देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या वाहनांचा वाटा २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ६५ टक्क्यांवर गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या एसयूव्हींवर पूर्वी उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर त्यामुळे ४० टक्क्यांवर आला. फॉर्च्युनर, थार, स्कॉर्पिओ आणि क्वचित डिफेंडरही आता तालुक्याच्या गावांत दिसू लागली आहे. गाडी आली की ती धुणेही आले. पण खान्देशात गाडीवर ओतले जाणारे पाणी बहुतेकदा विहिरीचे, बोअरचे किंवा नळयोजनेचे असते. म्हणूनच लाखोंची गाडी सतत स्वच्छ ठेवण्याचा खटाटोप कितपत सार्थकी लागतो, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

पहूरसारख्या गावात हा प्रश्न वेगळा कसा?

जामनेर तालुक्यातील पहूर हे जळगाव-छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचे गाव आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी आणि लेण्यांच्या पायथ्याशी नालेचा आकार घेणारी वाघूर नदी याच भागातून पुढे तापीकडे जाते. वाटेत वाघूर धरण लागते आणि जळगाव शहराला तेथूनच पाणी मिळते. परिसरात कापसाची काळी जमीन आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याने या पट्ट्याने धूळही भरपूर सोसली.

शहरात ‘ऑफ-रोड’ गाडी बहुधा डांबरावरच चालते. येथे महामार्ग सोडून शिवाराकडे वळले की पाणंद रस्ता लागतो आणि पावसाळ्यात त्याचा चिखल होतो. फोर-व्हील ड्राइव्ह वापरण्याची वेळ खरोखर येते. म्हणजे गाडी ज्यासाठी बनवली ते काम तिला येथे करावे लागते आणि त्याच कामात ती सर्वाधिक मळते. जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे वर्षाचे सरळ दोन भाग पडतात, एक चिखलाचा आणि दुसरा धुळीचा.

धूळ आणि चिखल यांत फरक काय?

गाडीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. कोरडी धूळ पत्र्यावर नुसती बसून राहते. तिच्यात ओल नसते आणि ओलीशिवाय लोखंड गंजत नाही. उन्हाळ्यात आठवडाभर धूळ साचली तर गाडी वाईट दिसते, पण तिचे फारसे बिघडत नाही.

काळ्या मातीचा चिखल मात्र वेगळा असतो. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि ते सहजासहजी सोडत नाहीत. म्हणूनच ही जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. हाच चिखल मडगार्डच्या आत, चेसीच्या पोकळीत आणि दरवाजांच्या खालच्या कडेला बसला की बाहेरून वाळलेला दिसतो. आतून तो कित्येक दिवस ओलाच असतो. लोखंड, ओल आणि हवा तिन्ही एकत्र आल्याने तेथे गंज धरतो. पाणी निचरून जाण्यासाठी पत्र्याला ठेवलेली छोटी भोकेही चिखलाने बुजतात.

चिखल तसाच राहिला तर काय बिघडते?

गंज हळूहळू चढतो, पण काही परिणाम लगेच जाणवतात. रेडिएटरच्या जाळीत चिखल अडकला की हवा खेळत नाही. मग फर्दापूरहून अजिंठा घाट चढताना इंजिनाचे तापमान वाढू शकते. चाकाच्या रिमच्या आत चिखलाचा गोळा वाळून बसला तर चाकाचा तोल बिघडतो आणि महामार्गावर वेग घेताच स्टेअरिंग थरथरते. ब्रेकच्या पॅड आणि डिस्कमध्ये खडे-वाळू गेली तर दोन्ही लवकर झिजतात. सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेले असतील आणि आत चिखल गेला तर ग्रीस खराब होऊन सांधाच बदलावा लागतो.

‘आमच्या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे’ हे उत्तरही पूर्ण खरे नाही. नव्या डिफेंडरचा सांगाडा मुख्यत्वे अ‍ॅल्युमिनियमचा आहे. पण बोल्ट आणि खालच्या बाजूचे अनेक भाग पोलादीच असतात. दोन वेगळे धातू जोडलेल्या जागी ओल साचली तर गंजण्याची क्रिया उलट वेगाने होऊ शकते. फॉर्च्युनर, थार, स्कॉर्पिओ-एन या गाड्या पोलादी लॅडर फ्रेमवर उभ्या आहेत. चिखलातून गाडी चालवल्यावर खालचा भाग धुवा, अशी सूचना बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत असते ती याचसाठी. जुनी गाडी घेणारा जाणकार ग्राहकही रंगाच्या चमकेआधी खाली वाकून चेसी पाहतो.

खान्देशाला एक सवलत मात्र आहे. कोकणातली खारी हवा येथे नाही आणि थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठही नाही. त्यामुळे तिकडच्या व्हिडीओंत दाखवतात तशी दर आठवड्याची खालची धुलाई येथे वर्षभर लागत नाही.

मग रोजच्या चकाकीतून काय मिळते?

मिळते ते मुख्यतः समाधान आणि रुबाब. त्याला किंमत नाही असे नाही. पण त्यासाठीची रोजची पद्धतच बहुधा नुकसान करते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर सुमारे ४० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतका असतो. रस्त्यावरच्या धुळीतील वाळूचे कण त्याहून कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली की हे कण रंगावर घासले जातात. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बहुतांशी अशा पुसण्याचेच असतात. अशी पुसण्यापेक्षा गाडी धुळीतच राहू दिलेली बरी.

दुसरी चूक भर उन्हात बोअरच्या पाण्याने धुण्याची. दख्खनच्या काळ्या दगडातून येणारे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. तापलेल्या पत्र्यावर ते झटकन वाळते आणि क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. ते घालवायला पॉलिश करावे लागते आणि प्रत्येक पॉलिशगणिक तोच पातळ थर आणखी झिजतो.

काही गोष्टी मात्र कोणत्याही ऋतूत लगेच पुसाव्या लागतात. पक्ष्यांची विष्ठा आणि काचेवर-बंपरवर चिकटलेले किडे उन्हात रंग खातात. पुढची काच, आरसे, दिवे, मागचा कॅमेरा आणि नव्या गाड्यांतील सेन्सर स्वच्छ असणे हा सुरक्षेचा भाग आहे. नंबर प्लेट तर वाचता येईल अशी असणे नियमानेच बंधनकारक आहे. या सगळ्याला मिळून एक लहान बादली पुरते.

एका धुण्याला पाणी किती लागते?

घरच्या अर्धा इंची पाइपमधून मिनिटाला साधारण १० ते २० लिटर पाणी येते. मधला १५ लिटरचा आकडा धरला आणि पाइप पंधरा मिनिटे सोडून ठेवला, तर २२५ लिटर पाणी जाते. मोठ्या एसयूव्हीला याहून जास्त वेळ लागतो. दोन बादल्या आणि मऊ कापड वापरले तर तेच काम ४० लिटरच्या आत होते.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा निकष आहे. म्हणजे पाइपने एकदा गाडी धुणे हे चार माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याइतके झाले. टंचाईच्या काळात टँकरने पाणी पुरवताना ग्रामीण महाराष्ट्रात माणशी २० लिटरचा हिशेब धरला जातो. त्या हिशेबाने तेच पाणी अकरा माणसांचे होते.

‘पाणी आमच्या बोअरचे आहे’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. पण बोअर आपली असली तरी खालचा खडक सगळ्यांचा एकच असतो. एकाने उपसा वाढवला की शेजारच्या विहिरीची पातळी उतरू शकते. टंचाईत प्रशासन खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करून गावाला पाणी देते, त्यामागेही हाच विचार आहे. राज्याच्या जलधोरणातही पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले होते. त्यावेळी वाद मैदानावर मारण्याच्या पाण्याचा होता. प्रश्न मात्र हाच होता की, आधी कुणाला?

कायदा काय सांगतो?

केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ८ ऑक्टोबर २०२० रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आदेश काढला. भूगर्भातून उपसलेल्या पिण्यायोग्य पाण्याची नासाडी किंवा गैरवापर करण्यास त्यात मनाई आहे. प्रत्यक्ष कारवाई मात्र शहरांतच दिसते. जून २०१९ मध्ये गुरुग्राम महापालिकेने क्रिकेटपटू विराट कोहली याच्या घरी पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतल्याबद्दल ५०० रुपये दंड केला. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीटंचाईत तेथील जलमंडळाने २२ कुटुंबांकडून प्रत्येकी ५,००० रुपयांप्रमाणे १ लाख १० हजार रुपये वसूल केले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत पाइपने गाडी धुणाऱ्यांना २,००० रुपये दंड करण्याचे आदेश निघाले.

पन्नास लाखांच्या गाडीच्या मालकाला ५०० रुपयांचा दंड कितपत जाणवेल, हा भाग वेगळा. गावात दंडापेक्षा ग्रामसभेचा ठराव आणि चारचौघांतली लाज जास्त काम करते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने मोठ्या दुष्काळात, २००७ च्या सुमारास, घरी गाडी धुण्यावर बंदी घातली होती. पण काचा, आरसे, दिवे आणि रंग खाणारे डाग बादलीने पुसण्याची मुभा ठेवली होती. गरज आणि हौस यांतली रेघ कुठे ओढायची, याचा तो चांगला नमुना आहे.

धुतलेले पाणी जाते कुठे?

गाडी नदीत उतरवून धुतली तर पाण्याची नासाडी होत नाही, असा एक समज आहे. पण चेसीवरचे ऑइल, ग्रीस आणि शाम्पू थेट प्रवाहात जातात. वाघूरच्या बाबतीत तो प्रवाह जळगावच्या पिण्याच्या पाण्याच्या धरणाकडे जातो. नदी-नाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे. म्हणूनच वॉशिंग सेंटरला गाळ बसवण्याची टाकी आणि तेल वेगळे करणारी टाकी असणे महत्त्वाचे ठरते. त्या असतील तर तेच पाणी पहिल्या फवाऱ्यासाठी पुन्हा वापरता येते. जर्मनीत अनेक ठिकाणी घरासमोर, उघड्या जमिनीवर गाडी धुण्यास मनाई आहे ती याच तेलामुळे.

धुलाईनंतर खाली डिझेल मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्याने चेसी काही दिवस काळीभोर दिसते. पण डिझेल रबरी बुश फुगवते, त्यावर धूळ अधिक चिकटते आणि पुढच्या पावसात ते शेतात नाहीतर नाल्यात उतरते. त्याऐवजी पावसाळ्याआधी एकदा गंजरोधक थर देणे अधिक उपयोगाचे.

मग धुवायची कधी?

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर एक-दोन दिवसांत, म्हणजे चिखल घट्ट व्हायच्या आत, रॅम्पवर चढवून खालचा भाग, मडगार्डच्या आतली बाजू, रिम आणि रेडिएटरची जाळी धुऊन घ्यावी. प्रेशरचा पाइप फूटभर लांब धरावा, कारण जवळून मारलेले पाणी बेअरिंगच्या सीलमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत शिरते. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर एअर फिल्टर आणि डिफरन्शिअलचे ऑइल तपासून घ्यावे. पावसाळा संपला की एकदा सगळी गाडी नीट धुवावी. त्यानंतर उन्हाळ्यात काच-दिवे-डाग यांपुरती बादली, आणि महिन्यातून एकदा सावलीत दोन बादल्यांची धुलाई पुरे.

या वेळापत्रकात खान्देशाच्या हवामानाने सोय करून ठेवली आहे. गाडीला धुण्याची खरी गरज जुलै ते सप्टेंबरमध्ये असते आणि तेव्हा वाघूरला पाणीही असते. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हा गाडीवर असते ती फक्त धूळ, आणि तिने गाडीचे काही बिघडत नाही. महिन्याला हप्ता भरून घेतलेली गाडी जपायची असेल, तर खर्च आणि मेहनत चेसीवर करावी. बॉनेटवरची धूळ पहिल्या पावसापर्यंत थांबू शकते.