अर्ज भरण्याआधीच नाव खोडू नका

मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली की घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील आपल्या अनेक घरांत एमबीएचा विषय निघतो. मग बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘त्या मोठ्या संस्था आपल्यासाठी नाहीत’ असे म्हणून त्यांची नावे आपणच यादीतून खोडतो. किंवा जाहिरातीतील इमारतीला भुलून एखाद्या अपरिचित संस्थेसाठी लाखोंचे कर्ज काढतो. माझ्या मते यातील पहिली चूक अधिक घातक आहे, कारण दुसरी तिच्याच पोटी जन्मते.

इतिहासाचा दाखला पाहावा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. पैसा अपुरा पडला म्हणून त्यांनी संस्था बदलली नाही. पैशाची तजवीज केली.

आज आपल्या दाराशी काय आहे? पवईतील १९६३ ची ‘नीटी’ २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. शेजारीच आयआयटी मुंबईची व्यवस्थापन शाखा आहे. दोन्ही केंद्रीय संस्था, प्रवेश ‘कॅट’मधून, अनुसूचित जातींसाठी १५ टक्के व जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव. कॅटचे शुल्कही या उमेदवारांना निम्मे असते. चर्चगेटला मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था (१९६५) आणि सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था (१९८३) आहे. तेथे राज्याच्या सीईटीतून प्रवेश होतात आणि अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १३ टक्के आरक्षण आहे. अंधेरीची एस. पी. जैन व विलेपार्ल्याची नरसी मोनजी या नामांकित संस्था आहेत. मात्र त्यांचे प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेबाहेर होतात. म्हणून तेथे अर्ज करण्यापूर्वी शुल्क आणि आर्थिक साहाय्य यांचा हिशेब कागदावर मांडावा.

शिष्यवृत्तीचेही तसेच. आयआयएमसारख्या अधिसूचित संस्थांत शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ योजना आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणाऱ्या पालकांना हे पुष्कळदा शुल्क भरल्यानंतर कळते.

संस्थेला नोकऱ्यांविषयी विचारताना सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा विचारू नये. मध्यक पगार विचारावा. एका विद्यार्थ्याच्या भाग्यावरून वर्गाचे भवितव्य ठरत नाही.

या सर्वांत आपली मुले मागे पडतात ती पुष्कळदा कागदांपायी. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो, राज्याच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र. कॅटचे अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात. तेव्हा धावाधाव सुरू करून भागत नाही. या वाटेने पुढे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याजवळ बसून त्याची यादी आणि त्याचे कागद तपासा. त्याने भीतीपोटी खोडलेले नाव तुम्ही पुन्हा लिहा.