'स्वतःचा मालक' कोणाचा चाकर?

स्वयंरोजगाराची भलामण करणाऱ्यांना अलीकडे एक नवा आदर्श पुरुष सापडला आहे. गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी, पिशवीत ड्रोन. सोमवारी साखरपुडा, बुधवारी बिल्डरच्या प्रकल्पाचे आकाशातून चित्रण, शनिवारी पुढाऱ्याची सभा. ना साहेब, ना हजेरीपट. कौशल्यविकासाच्या व्याख्यानांतून हा तरुण 'स्वतःचा मालक' म्हणून मिरवला जातो आणि नोकऱ्या कोठे गेल्या असे विचारणाऱ्या पदवीधरांच्या तोंडावर त्याचे चित्र फेकले, की उत्तर दिल्यासारखे होते. खेदाची गोष्ट अशी, की समाजवादी चळवळीतील अनेक जाणती माणसेही हे चित्र खरे मानतात, फक्त दुसऱ्या टोकाकडून. उत्पादनसाधन त्याच्या मालकीचे, हाताखाली एक पोरगा. तेव्हा तो छोटा मालकच, कामगार संघटनेचा त्याच्याशी काय संबंध, असा निकाल ती देऊन टाकतात.

हा निकाल देण्यापूर्वी त्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. समजा, दोन कॅमेरे, भिंगे, ड्रोन, त्याच्या बॅटऱ्या आणि संकलनाचा संगणक मिळून सहा लाख रुपये गुंतले आहेत व ही सामग्री चार वर्षे टिकते. (टिकते म्हणजे चालते एवढेच नव्हे, बाजारात नवे मॉडेल आले, की धडधाकट कॅमेराही गिऱ्हाइकाच्या लेखी मेलेला असतो.) वर्षाचा घसारा दीड लाख. मुहूर्त धरून वर्षाकाठी ६० दिवस काम मिळाले, तर दिवसाला २,५०० रुपये केवळ घसाऱ्याचे. सरासरी तीन लाखांच्या कर्जावर १४ टक्के व्याज धरले, तर दिवसाला आणखी ७००. आता समारंभाचे कंत्राट घेणाऱ्या एखाद्या कंपनीने त्याला सामग्रीसह, संकलन धरून, ६,००० रुपयांवर बोलावले आणि मदतनिसाचे ८०० व प्रवासाचे ५०० वजा केले, की उरतात १,५००. परंतु काम त्या दिवशी संपत नाही. हजारो छायाचित्रांतून निवड, रंगांची दुरुस्ती, अल्बमची जुळणी, 'मावशीचा फोटो कसा नाही' म्हणून पुन्हा जुळणी, यात आणखी दोन दिवस जातात. म्हणजे तीन दिवसांचे १,५००. रोज पडला ५०० रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातले दर घालून हाच हिशेब करावा आणि शेजारच्या गवंड्याच्या रोजाशी तो ताडून पाहावा.

घसारा मागायला कोणी दारात उभे राहत नाही, म्हणून हा तरुण आपण कमावतो आहोत अशा समजात वावरतो. वस्तुतः तो आपली सामग्री खात असतो. चार वर्षांनी ती संपते, तेव्हा नवे कर्ज काढावे लागते. गिरणीमालकाला निदान माग स्वतः विकत घ्यावा लागे; येथे कामगारच आपला माग डोक्यावर घेऊन कामावर येतो आणि मागाच्या झिजेचा भारही सोसतो. इचलकरंजीच्या खर्चीवाल्याकडे यंत्रमाग असतात, पण सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे आणि मजुरीचा दरही व्यापारीच ठरवतो. त्या खर्चीवाल्याला जे भांडवलदार म्हणत नाहीत, त्यांनी कॅमेरेवाल्याला तसे का म्हणावे?

त्याच्या कामातील वैविध्याचे तर फारच कौतुक होते. हे वैविध्य आवडीतून आलेले नाही. तुळशीच्या लग्नापासून सुरू झालेला हंगाम चातुर्मासात थांबतो, पितृपक्षात कोणी दारात येत नाही, अधिक मास आला की आणखी एक महिना कोरडा. मग तो शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढतो, दुकानदाराच्या मालाचे काढतो, सौर पट्ट्यांची तपासणी करतो, कोणा कंत्राटदारासाठी जमिनीच्या मोजणीवर ड्रोन उडवतो. कोरडवाहू शेतकरी एकाच वावरात चार पिके पेरतो, ती पीकवैविध्याच्या हौसेने नव्हे.

ड्रोनचे प्रकरण तर विशेष बोधप्रद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ड्रोन नियम जाहीर केले. २५० ग्रॅमपेक्षा जड यंत्र धंद्यासाठी उडवायचे, तर चालकाने मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे, यंत्राची नोंदणी करावी, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा उतरवावा, असे ठरले. नियमभंगाला एक लाखापर्यंत दंड. यातील सुरक्षेचा भाग योग्यच आहे. माणसांच्या डोक्यावरून यंत्र उडवायचे, तर शिस्त हवी. पण भार कोणावर टाकला ते पाहावे. प्रशिक्षणाचे शुल्क चालकाचे, विम्याचा हप्ता चालकाचा, आणि त्या विम्यातून भरपाई मिळते ती तिऱ्हाइताला. स्वतः चालक गच्चीवरून पडला, तर त्याचा वाली कोणी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोन उत्पादकांसाठी १२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात, संशोधन व संरक्षणासारखे अपवाद वगळता, बंद करण्यात आली. लग्नमांडवांवर घिरट्या घालणारे ड्रोन बहुतांशी चिनी. तेव्हा या बंदीचा चटका कोणाला बसला हे सांगणे नलगे. उत्पादकाला प्रोत्साहन, चालकाला दंडाची तरतूद! त्यातच मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे महिना-महिन्याचे मनाई आदेश निघतात. सुरक्षेसाठी ते आवश्यक असतीलही, परंतु त्या महिन्याची बुडालेली रोजी कोणत्याच खात्यात नोंदली जात नाही.

श्रमाच्या फळाचे काय होते? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम सांगते, की मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढवून घेणारा. म्हणजे आपले चित्र पुढे जाहिरातीच्या फलकावर झळकलेले दिसले, तरी काढणाऱ्याला वाढीव दमडी मागता येत नाही. नावाचा उल्लेख मागण्याचा हक्क ५७ व्या कलमाने दिला आहे, पण तो बजावतो कोण? थकलेल्या बिलांचीही तीच कथा. २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्याने नोंदणीकृत लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे मिळण्याची आणि विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद केली. मात्र जो एकदा तक्रार करील, त्याला पुढल्या हंगामात बोलावणे येणार नाही, हे तक्रारदार आणि कंपनी दोघेही जाणतात.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर राहून कमावणारा तो 'गिग कामगार', अशी व्याख्या तीत आहे आणि तीत हा छायाचित्रकार चपखल बसतो. पण निधीत उलाढालीच्या एक ते दोन टक्के भर घालण्याचे बंधन आहे ते ॲपवाल्या ॲग्रिगेटरवर. समारंभ-कंपनी, जाहिरात संस्था, मोजणीचा कंत्राटदार ॲपवर धंदा करीत नाहीत. त्यांच्याकडून काय घ्यावे याबाबत संहिता मौन पाळते. व्याख्येत जागा मिळाली, निधीत नाही.

ठरावीक मालक नसलेल्या कामगाराचे करायचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने तो सोडवून दाखवला. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या. म्हणून मंडळ स्थापन झाले, मालक व कामगार दोघांची नोंदणी झाली, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा होऊ लागली आणि तीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांची सोय झाली. माथाडी मंडळे आज निर्दोष आहेत असे कोणी म्हणणार नाही. तत्त्व मात्र भक्कम आहे. लग्नघरातल्या यजमानाला मालक ठरवण्याचे कारण नाही. कंत्राट घेणारी कंपनी, मोठा स्टुडिओ, जाहिरात संस्था यांच्या बिलावर लेव्ही बसवता येते. तीत मदतनीस पोराचेही नाव आले पाहिजे. एरवी ८०० रुपयांचा तो धनी कायमचा हिशेबाबाहेर राहील.

सहकाराचा मार्गही आहे. रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ प्रभृतींनी १९४७ मध्ये 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली, ती चित्रावरचा हक्क काढणाऱ्याकडे राहावा म्हणूनच. येथे सरकारने २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजनेत फवारणीचे ड्रोन महिला बचतगटांना ८० टक्के साहाय्याने द्यायचे ठरवले, म्हणजे यंत्राची सामूहिक मालकी सरकारलाही अमान्य नाही. मग तालुक्याच्या दहा छायाचित्रकारांना एक सामाईक ड्रोन व संकलनकेंद्र उभारण्यास सहकारी कर्ज का मिळू नये?

नोंदणी म्हटली की कराच्या भीतीने ही मंडळी अंग चोरतात, आणि भाव पाडून एकमेकांची कामे ओढण्याची सवय जडलेली आहेच. पहिल्या बैठकीला पाचजण येतील, त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नसतील. तरीही आषाढी एकादशीनंतर मांडव उतरतात आणि हे तरुण चार महिने बव्हंशी मोकळे असतात. तालुका कार्यालयांनी त्या काळात प्रथम दरांची आणि थकलेल्या बिलांची यादी करायला घ्यावी.