शब्दांची कुळकथा : पाखंडी

घरातला मुलगा देवपूजेला नको म्हणाला, सत्यनारायणाच्या कथेत शंका काढू लागला, की आजी म्हणते, ‘हे काय पाखंड माजवलंयस?’ मराठीत पाखंडी म्हणजे धर्माविरुद्ध बोलणारा, न मानणारा. पण हाच शब्द हिंदी मुलखात ऐकला तर अर्थ वेगळाच लागतो. तिथे पाखंडी म्हणजे ढोंगी, भगवी वस्त्रे घालून लोकांना फसवणारा. इंदूर-भोपाळकडच्या मराठी कुटुंबांना हे दोन्ही अर्थ रोज सांभाळावे लागत असतील! एकाचा देवावर विश्वास नाही, दुसरा तो असल्याचे सोंग करतो, आणि शिवी मात्र एकच.

गंमत अशी, की जन्माला आला तेव्हा हा शब्द शिवी नव्हताच.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने ठिकठिकाणी खडकांवर लेख कोरवले. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेवर असे चौदा लेख आहेत. (आपल्या सोपाऱ्याच्या परिसरातही आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मिळाले.) यातला बारावा लेख अवश्य समजून घ्यावा असा आहे. राजा म्हणतो, मी सगळ्या ‘पासंडां’चा, मग ते संन्यासी असोत की गृहस्थ, दान देऊन सन्मान करतो. पण दानापेक्षाही त्याला महत्त्वाचा वाटतो तो वाणीचा संयम. आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा विनाकारण करू नये. जो भक्तीच्या भरात तसे करतो, तो आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो, असे तो बजावतो. इथे पासंड म्हणजे नुसता पंथ. चांगला नाही, वाईटही नाही. ओरिसातल्या उदयगिरीच्या हाथीगुंफेत खारवेल राजाचा लेख आहे. त्यातही हा राजा ‘सर्व पासंडांची पूजा करणारा’ म्हणून गौरवला गेला आहे. आज एखाद्या पुढाऱ्याला असे म्हटले तर अब्रूनुकसानीचा दावाच दाखल व्हायचा!

मग हा शब्द बिघडला कसा? प्रत्येक पंथाने तो दुसऱ्यासाठी राखून ठेवला, एवढेच झाले. आपला तो धर्म, शेजाऱ्याचा तो पाषंड. बौद्धांच्या पाली ग्रंथांत तो इतर मतवाल्यांना लावलेला आढळतो आणि वैदिक परंपरेत वेद न मानणाऱ्या बौद्ध-जैनांना. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर राजाने जुगारी, दारू विकणारे वगैरेंच्या बरोबरीने पाषंडांनाही नगरातून ताबडतोब हाकलून द्यावे, असे सांगितले आहे. ज्यांना एका राजाने दान दिले, त्यांनाच दुसऱ्या काळातल्या ग्रंथाने वेशीबाहेर काढले. आणि हाकलायचे कोणाला, हे ठरवायला गुन्हा सिद्ध करण्याची गरज नव्हती, नुसते नाव पुरेसे होते.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल विद्वानांत एकमत नाही. सध्या पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीच्या लेखात त्याचे रूप ‘प्रषंड’ असे आहे. त्यावरून काही जण त्याचा संबंध ‘परिषद’, ‘पार्षद’ या शब्दांशी, म्हणजे एकत्र बसणाऱ्या मंडळींशी जोडतात. ‘पा’ म्हणजे रक्षण करणारा वेदधर्म आणि त्याचे खंडन करतो तो पाखंडी, ही फोड मात्र मागाहून बसवलेली दिसते. कारण मूळ शब्दात ‘ख’ नाहीच. ‘ष’चा ‘ख’ पुढे उच्चारात झाला. विषाचे ‘विख’ आणि हर्षाचा ‘हरिख’ झाला, तसाच.

उत्तरेत शब्दाचा रोख पुढे ढोंगाकडे वळला. १८६७ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात स्वामी दयानंदांनी ‘पाखंड खंडिनी पताका’ रोवली, ती काही नास्तिकांविरुद्ध नव्हती. धर्माच्या नावाने चाललेल्या भोंदूगिरीविरुद्ध होती.

अशोकाच्या वाट्यालाही असेच काही आले. ‘देवानांप्रिय’ म्हणजे देवांचा लाडका, हे बिरुद तो मोठ्या अभिमानाने मिरवत असे. पुढच्या संस्कृत व्याकरणकारांनी या शब्दाचा अर्थ दिला आहे, ‘मूर्ख’.