राजवाड्याबाहेरचा इतिहास वाचा!

गेल्या ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या एका स्टॉलसमोर कॉलेजात शिकणारी एक मुलगी उभी होती. विक्रेत्याला म्हणाली, “काका, एखादी कादंबरी द्या. ऐतिहासिक हवी, आणि वाचून उभारी यायला हवी.” काकांनी ‘फकिरा’ पुढे केली. “ती वाचली. अलीकडची काही?” काका गप्प झाले. हा प्रश्न त्या एकट्या मुलीचा नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजवाडे, दरबार आणि तलवारी येतात. पण त्या राजवाड्यांचे दगड कोणी वाहिले? वेशीबाहेर कोण राहत होते? अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहून या प्रश्नाला उत्तर दिले आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. उपाशी माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी झुंजणारा मांगवाड्यातला नायक त्यांनी उभा केला. त्या जातकुळीची नवी पुस्तके आज आहेत. ती आपल्या घरात पोहोचत नाहीत, हे दुखणे आहे.

पहिले नाव अमेरिकेतले. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाची ‘जेम्स’ ही कादंबरी २०२४ साली आली आणि २०२५ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये जिम नावाचा एक गुलाम आहे. गोऱ्या पोराच्या नजरेतून दिसणारा, भोळाभाबडा. एव्हरेट यांनी तीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली. हा जिम चोरून वाचायला शिकलेला आहे. मालकासमोर तो मुद्दाम अडाण्यासारखे बोलतो, आपल्या लेकरांनाही तसे बोलायला शिकवतो. कारण गुलाम शहाणा आहे हे कळले तर मालक बिथरतो!

त्याला स्वतःची कहाणी लिहायची असते. त्यासाठी दुसरा एक गुलाम पेन्सिलीचा तुकडा चोरून आणून देतो आणि त्या चोरीची किंमत प्राणाने मोजतो. एका पेन्सिलीसाठी माणूस मारला जातो! गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा अमेरिकेच्या अनेक दक्षिणी राज्यांत कायद्याने गुन्हा होता. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी कादंबरी कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द निकेल बॉईज’ (२०१९). फ्लोरिडातील डोझियर सुधारशाळेत मुलांचा अनन्वित छळ झाला. ती शाळा २०११ साली बंद पडली आणि पुढे तिच्या आवारात ५५ कबरी सापडल्या. या सत्य घटनेवर ती उभी आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे ऐकून वाढलेला एल्वूड तिथे अडकतो, तरी अन्यायाची नोंद ठेवणे सोडत नाही.

तिसरी, मीना कंदसामी यांची ‘द जिप्सी गॉडेस’ (२०१४). २५ डिसेंबर १९६८ रोजी तामिळनाडूतील किळवेणमणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जणांना झोपडीत जाळून मारले गेले. जमीनदार उच्च न्यायालयात सुटले. ही कादंबरी गोड नाही. पण खैरलांजी पाहिलेल्या समाजाने ती वाचलीच पाहिजे.

आणि आपल्या मराठीत शरणकुमार लिंबाळे यांची ‘सनातन’ आहेच. २०२०चा सरस्वती सन्मान मिळालेली ही कादंबरी किती विहारांच्या कपाटांत आहे?

कोणी म्हणेल, यात उभारी कुठे? शेवट गोड झाला म्हणजे उभारी येते, हा गैरसमज आहे. ज्याला माणूस मानले गेले नाही तो हातात पेन्सिल घेतो, तिथे उभारी येते. अमेरिकेतले हे दुःख आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव तिथल्याच ब्लॅक पँथरवरून घेतले.

‘सनातन’ सोडली तर ही पुस्तके मुळात इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी. पण आज आपल्या घरोघरी इंग्रजी वाचणारी एक तरी मुलगी, एक तरी मुलगा आहे. त्यांनी वाचावे आणि रविवारी विहारात एकेक प्रकरण आई-आजीला मराठीत सांगावे. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून या चार कादंबऱ्या तरी घ्याव्यात. पुढच्या ६ डिसेंबरला त्या मुलीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर स्टॉलवरच्या काकांना गप्प बसावे लागू नये!